सातवा आकडा

पहिलं पान कोरं होतं. झालं ते इथे लिहून ठेवते.

१. रविवार, २० ऑक्टोबरला टेकडीवर आम्ही सात जण होतो.
२. उतरण्याआधी मोजणीत सात आकडे आले.
३. मी खुणेच्या फिती सोडल्या.
४. खाली सहा जण पोचलो.

६ ऑक्टोबर

काल चेन्नईला, वेलचेरीत भावाकडे आले. विद्याधरदादा स्टेशनवर हजर. माझी मोजमापाची उपकरणं उचलताना त्याने विचारलं, की कपडे आणलेत की नुसती यंत्रंच?

आज त्याच्या रविवारच्या गटाबरोबर डोंगरवाट दुरुस्त करायला गेले. झुडपं छाटली, दगड बसवले. वाट अजून अर्धवट आहे, म्हणून चढताना पिवळ्या फिती बांधतात आणि उतरताना सोडतात; नाहीतर एखादा अनोळखी माणूस त्या धरून कड्यापर्यंत जायचा. सोडण्याआधी मोजणी. झाडीत माणूस दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. सगळे तमिळमध्ये ओरडतात. शेवटचा दादा मात्र हट्टाने मराठीत "सात!" गटप्रमुख गुरुमूर्ती म्हणाले, चार वर्षं चेन्नईत राहून याला सातपर्यंत मोजता येत नाही. सगळे हसले. मीसुद्धा.

मी सहावी. फिती माझ्याकडे. एकतीस.

२० ऑक्टोबर

ढग खाली उतरले होते. दादा विसरलेला कोयता आणायला वर गेला. थोड्या वेळाने मोजणी झाली. मी माझा आकडा ओरडले, मागून सातवा आला. फिती सोडत उतरले. मागे पावलं वाजत होती. पायथ्याशी वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

२७ ऑक्टोबर

शोध थांबवला. वनखात्याचा माणूस म्हणाला, की खुणा जागेवर असत्या तर — आईला गुरुमूर्तींनी कळवलं. मला जमलं नाही. दादाच्या चपला दाराशी आहेत. त्या ओलांडून जाते.

२ नोव्हेंबर

गुरुमूर्तींना पायथ्याच्या झाडाला एक फीत दिसली. आम्ही कोणीच बांधलेली नाही. माझ्या पिशवीत तीस.

७ नोव्हेंबर

शेअर ऑटोच्या थांब्यावर एक. आमच्या जिन्याच्या कठड्याला एक. गाठ माझ्यासारखी, दोनदा ओढलेली. पिशवीत अठ्ठावीस.

९ नोव्हेंबर

आज आठवलं. त्या दिवशी मागून तमिळमध्ये "एळु" आलं होतं. "सात" नाही. मी आकडा तपासला, माणूस नाही. आकडा बरोबर होता —

१२ नोव्हेंबर

दुपारचे तीन. दाराच्या कडीला फीत. पिशवीत सत्तावीस. बाहेर पावलं येऊन थांबलीत. एक ते सहा मीच मोजले, मोठ्याने. सातवा — अजून नाही.

दादा, ह्या फिती तू बांधत असशील तर रविवार, १७ तारखेपर्यंत उत्तर दे. एकच शब्द, मराठीत. दार उघडेन.

तमिळमध्ये दिलंस तरी मी —