आईसाहेबांचं जवस

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तेवढाच वाकलो आहे, उरलेला भेटीत). तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा खोकला गेला असेल आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट एकदाची सुरू झाली असेल, असं धरून चालतो. इकडे मावशी ठीक, गाई ठीक, आणि मी कसा आहे ते तुला ठाऊकच आहे. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हं, पुढे?' 'हं, पुढे?' करून अशी घाई लावतेस की मी पुढचंच आधी सांगून टाकतो आणि मागचं राहून जातं. या प्रकरणात मागचं राहिलं तर माझी बाजू अगदीच लंगडी पडते, म्हणून हे पत्र.

महिनाअखेरीस तू गाडी घेऊन येणार, मावशीला तुझ्याकडे नेणार आणि गाई कुणाच्या तरी गळ्यात बांधणार, हे तू ठरवलंस. तुझी आई आहे, तुझा हक्क आहे, मी कोण बोलणार? शिवाय खोटं कशाला सांगू, मलाही धास्ती बसली होती. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी लोणी बंद केलं आणि मावशीने तोंडच बंद केलं. जन्मभर स्वतःच्या गोठ्यातलं लोणी खाल्लेली बाई ती! कोरड्या पावाचा तुकडा तोडायची, भिंतीकडे बघत चावत राहायची आणि ताटली सरकवायची. मी विनवण्या केल्या, रागावलो, एकदा तर तिच्यासमोर मी स्वतः कोरडा पाव चवीने खाऊन दाखवला (ठसका लागला, तिनेच पाठ थोपटली). तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकू लागल्या, ताई. मला रडू यायचं.

अशात तू पाठवलेली जवसाची गोणी आली. आता नीट ऐक, कारण परवा तू फोनवर 'आई जवस खाते ना?' म्हणून विचारलंस, त्याची मेख इथेच आहे. तू टेम्पोवाल्याला सांगितलं असशील, 'आईला द्यायचंय, भरडून, सकाळ-संध्याकाळ.' पण तो माणूस पडला अदबशीर. दुसऱ्याच्या आईला नुसतं 'आई' कसं म्हणायचं? त्याने दारात गोणी टेकवली आणि मला निरोप दिला, आईसाहेबांना द्या, भरडून, सकाळ-संध्याकाळ. आता तूच सांग, आपल्या घरात आईसाहेब कोण? मान वर करून चालणारी, दुसऱ्या गाईंच्या आधी पाणी पिणारी, मी उशिरा गेलो तर पाठ फिरवून उभी राहणारी ती तांबडी गाय! (गाईला अहो-जाहो आणि मावशीला अगं-तुगं, हा आपल्या घरचा जुनाच घोळ आहे.) आणि अख्खं गोणीभर जवस एका म्हातारीसाठी असेल, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यात येईल? मी म्हटलं, ताईला एवढ्या लांबून गाईची आठवण झाली, मन केवढं मोठं! डोळे भरून आले माझे. लगेच जवस भरडलं आणि आईसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांना ते असं काही आवडलं की घमेलं चाटून पुसून लख्ख. मावशी ओट्यावर बसून बघत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. ती हसली म्हणून दुसऱ्या दिवशी मी माप वाढवलं, आणि तिसऱ्या दिवशी आणखी. मग लोण्याची गंमत सुरू झाली. (लोणी काढणं बंद नव्हतं, गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?) एरवी आपलं लोणी फ्रीजमधून काढलं की विटेसारखं, सुरी वाकायची. आता काढलं की बशीत पसरून आळस देऊ लागलं. मी फ्रीजला दोष दिला. दुरुस्तीवाला आला, त्याने फ्रीजची पाठ उघडली, आतली आतडी स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडली, सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि परत जोडलं. एक स्क्रू उरला. तेव्हापासून फ्रीज गुणगुणतो.

फ्रीज गुणगुणतोय तोवर दूध केंद्रावर बोंब झाली. आपल्या आईसाहेबांच्या दुधाला नेहमी कसं झकास फॅट लागतं! ते धाडकन खाली आलं. मापाड्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी निघण्यापूर्वीच चोर ठरलो. मी पाणी घालतो म्हणे! मी! चहात दूध घालताना ज्याचा जीव वरखाली होतो तो दुधात पाणी घालेल? भर रांगेत मी शपथा घेतल्या, आवाज चढवला, आणि शेवटी नमुना तपासायला प्रयोगशाळेत गेला. मागोमाग मीही गेलो, लोण्याची बशी घेऊन. वाटेत उन्हाने बशीतलं अर्धं लोणी शर्टावर आलं, ते वेगळंच.

ताई, प्रयोगशाळेतल्या बाईंनी जे सांगितलं त्याने मी अजून भानावर आलेलो नाही. पाणीबिणी काही नाही म्हणाल्या, गाईला काय घालता ते सांगा. मी जवस म्हणालो मात्र, बाई खुर्ची ओढून समोरच बसल्या. गाईच्या पहिल्या पोटात म्हणे डोळ्यांना न दिसणारे इतके जीव राहतात की आपली सगळी वस्ती त्यांच्यापुढे एका कोपऱ्यात मावेल. चाऱ्यातून मऊ चरबी आली की ती घट्ट करून पुढे धाडायची, हा त्यांचा उद्योग. भरडलेलं जवस घातलं की त्यातली थोडी मऊ चरबी त्यांच्या हातून निसटते, तशीच दुधात उतरते, आणि दुधातली घट्ट चरबी, जिच्यावर मावशीच्या डॉक्टरांचा राग, ती काहीशी कमी होते. म्हणून लोणी मऊ! आणि मी मापाबाहेर घातलं तेव्हा त्या बिचाऱ्या जिवांचीच दाणादाण उडाली, म्हणून फॅट घसरलं. बाईंनी माप ठरवून दिलं आणि जास्त केलंत तर गाय आजारी पडेल, असं बजावलं.

घरी येऊन मी आईसाहेबांच्या डाव्या कुशीला कान लावला. आत गडगडत होतं, घुसळत होतं, लांबून गाडी गेल्यासारखं काहीतरी सरकत होतं. इतकी वर्षं मी याच पोटाला टेकून दूध काढतोय, आणि आत केवढं जग कामाला लागलंय याचा पत्ता नाही! मी पुढ्यात मूठभर काहीतरी टाकायचं आणि ते आठवड्याच्या आत बशीतल्या लोण्याचा स्वभाव बदलतं! मी हात जोडले, ताई. खरोखर जोडले. आईसाहेबांनी शेपटी तोंडावर मारली, तरी जोडलेलेच ठेवले.

मग मावशीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, लोणी ते लोणीच, त्याचं औषध होत नाही, एवढ्यातेवढ्या फरकाने हुरळू नका. मी बशी पुढे केली आणि दाखवलं की पूर्वी या लोण्याची ढेकळंच्या ढेकळं पावावर बसायची, आता सुरी फिरवली की सगळ्या पावाला रंगासारखा नुसता पातळ हात लागतो. डॉक्टरांनी पाव हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, एवढंच पातळ, सकाळी एकदा, आणि बाकीचं जेवणही पोटात जाणार असेल तर चालेल. दुसऱ्या दिवशी मावशीने पाव घेतला, वास घेतला, खाल्ला, आणि भाजी मागितली. भाजी, ताई! मी स्वयंपाकघरात जाऊन आधी रडलो, मग वाढली.

भाऊजींना नमस्कार. लिफ्टचं कळव.

तुझा,
धांदल्या

ता. क. : फॅट पुन्हा झकास लागतंय. मापाडी मला आता हसून रामराम करतो. मी अजून हसत नाही.

ता. क. २ : खरं सांगायचं ते असं, की मावशीला नेऊ नकोस. ती गेली तर या घरात मला रागावणारं कुणी उरणार नाही.

ता. क. ३ (हे मी, तुझी आई, स्वतः लिहीत आहे, याने पत्र टेबलावर ठेवून दिलं होतं) : बाळ, गोणी माझ्यासाठी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बोलले असते तर ते जवस मला खावं लागलं असतं. गाईने माझ्या वाटणीचं खाल्लं आणि मला लोणी दिलं, एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही. गोणी संपत आली आहे, दुसरी पाठव. न्यायला येणारच असशील तर ये, पण गाडी मोठी आण, आणि कुठल्या आईसाहेबांना न्यायचं ते या खेपेला नीट सांग. आम्ही दोघी एकमेकींना सोडून कुठे जात नाही, आणि हा आम्हा दोघींना सोडून कुठे जात नाही.