चारित्र्याची चौकशी

तीर्थरूप काकांस,

नमस्कार लिहवत नाही, म्हणून थेट सांगते. तुम्ही खोडा घालूनही परदेशातल्या शाळेची नोकरी मला मिळाली.

फीवाढीविरुद्ध कॉलेजचं गेट अडवलं म्हणून मला अटक झाली आणि कोर्टाने दंड केला, हे मी मुलाखतीत आपणहून सांगितलं होतं. मला त्याची तेव्हाही लाज नव्हती. मग माझ्या चारित्र्याच्या चौकशीसाठी मी तुमचं, निवृत्त मुख्याध्यापकांचं, नाव दिलं आणि शाळेने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "छे हो, आमच्या घरातल्या मुली पोलीस चौकीची पायरी चढत नाहीत."

झालं. तिकडच्या मुख्याध्यापिकेने मला विचारलं, "तुम्हा दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?" घराण्याचं नाक जपायला तुम्ही मला खोटारडी ठरवलंत. जन्मभर पोरांकडून 'खरे बोलावे' गिरवून घेतलंत. तुमच्या अंगाला मात्र त्यातलं खडूच्या धुळीइतकंही लागलं नाही.

शेवटी मी शाळेला दुसरं नाव दिलं, मला त्या गेटवरून उचलणाऱ्या हवालदारांचं. ते फोनवर म्हणाले, "हो, मीच पकडलं होतं. गाडीत बसवलं तरी हिचं भाषण थांबेना. पण चौकीत एक शब्द खोटा बोलली नाही. शिकवायला ठेवा."

हे पत्र आई पोस्टात टाकू देणार नाही. "जाण्याआधी काकांच्या पाया पडून ये," एवढंच तिचं म्हणणं. मी काल हवालदारांच्या पाया पडून आले.

नाइलाजाने तुमचीच,
पुतणी