सायलेन्सरमधली नळी

॥ श्री ॥

विटा, जि. सांगली
२३ नोव्हेंबर १९७५

रा. रा. लालासाहेब यांस,
नाथाजीचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, बुलेट बिघडली आहे. तू रागवायच्या आत सांगतो, मी काहीही केलेलं नाही. भाऊबीजेला तू इथे आलास, दिवसभर गाडी खोलून बसलास आणि जेवायला तीनदा हाका मारल्या तरी उठला नाहीस. तेव्हापासून तिचा आवाज उतरला आहे. पूर्वी कशी खणखणीत बोलायची. आता तोंडावर गोधडी घेतल्यासारखी वाजते. तिसऱ्यातून चौथ्यात कधी टाकायचं तेच कळेना. तुला माहीत आहे, मी गियर कानानं टाकणारा माणूस. सतरा वर्षं पलटणीचे खलिते घेऊन गाडीवर हिंडलो, स्पीडच्या काट्याकडे कधी बघितलं नाही. तू मेकॅनिक म्हणून निवृत्त झालास, तर काय बिघडवून ठेवलंस ते आता तूच सांग.

बाकी खुशाल. उसाला पाणी चालू आहे. तुझी बहीणही खुशाल आहे, पण एक नवल सांगतो. ती हल्ली फार हळू बोलते. एकोणीस वर्षं हिचा आवाज विहिरीवर ऐकू यायचा, आणि आता चुलीपाशी बसून काही म्हणाली तरी दोनदा विचारावं लागतं. वयानं मवाळ झाली असेल. सुरुवातीला बरं वाटलं, आता करमत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.

तुझा,
नाथाजी

॥ श्री ॥

रहिमतपूर, जि. सातारा
१ डिसेंबर १९७५

श्री. नाथाजीराव पाहुणे यांस,
लालासाहेबाचा सा. न. वि. वि.

पाहुणे वगैरे लिहिलं ते चंद्राबाई शेजारी बसली होती म्हणून. तुला बहीण दिल्यापासून चारचौघांत अहोजाहो करायचं वळण आईनं लावलं, आणि ते मोडलं की बायको डोळे वटारते. आता ती गोठ्याकडे गेली. तर नाथा, ऐक. गाडी मी बिघडवलेली नाही. तुझा सायलेन्सर काजळीनं तुंबला आहे. तू तेल जास्त ओततोस, हे मी तुला पंधरा वर्षं सांगतोय.

घरीच होण्यासारखं काम आहे. सायलेन्सरच्या शेपटाकडचा बोल्ट सोड. आत भोकाभोकांची एक नळी आहे, तीच आवाज दाबून धरते. हलक्या हातानं पिळत ओढलीस तर बाहेर येईल. शेणकुटांच्या आरावर लाल होईपर्यंत भाजायची, गार झाली की तारेच्या ब्रशनं घासायची आणि होती तशी परत बसवायची. परत बसवायची, हे दोनदा लिहितो, कारण मी तुला ओळखतो.

तुझं पत्र वाचून जबलपूरचं वर्कशॉप आठवलं. तू डोळे मिटून भिंतीला टेकायचास आणि आम्ही एकेक इंजिन चालू करायचो. कुणाचा टॅपेट ढिला, कुणाची रिंग गेली, तू बरोबर सांगायचास. पैजेचा चहा रोज तूच प्यायलास. मी आईला कार्ड टाकलं ते त्याच आठवड्यात. विजूसाठी माणूस सापडला आहे, शेती बेताची आहे पण कान फार तिखट आहेत, असं लिहिलं होतं. आई म्हणाली, कान घेऊन काय करायचं? तरी तिनं होकार दिला. किती चांगले दिवस होते ते, नाही?

विजूला आशीर्वाद. ती हळू बोलते हे काही मला पटलं नाही. लोभ आहे तसाच ठेवावा.

तुझा,
लालासाहेब

॥ श्री ॥

विटा
१४ डिसेंबर १९७५

प्रिय लालासाहेब यास,
नाथाजीचा स. न. वि. वि.

तू उस्ताद आहेस. अंगणात पोतं अंथरून काम केलं. बोल्ट गंजला होता, त्याला रॉकेल पाजून सकाळभर बसलो. दुपारी नळी निघाली. काजळी म्हणशील तर फार नव्हती, पण ते असो. नळी बाहेर पोत्यावर पडली असताना सहज म्हणून किक मारली, आणि लाला, काय सांगू, गाडी बोलली. अगदी पोटातून बोलली. मी तसाच निघालो तो मायणीच्या रस्त्यानं दहा मैल जाऊन आलो. चौथा गियर बरोबर जिथं पडायचा तिथंच पडला. वाटेत मी एकटाच हसत होतो. पंचवीस वर्षांचा असल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या वळणावर तू वर्कशॉपच्या दारात हात पुसत उभा असशील असंही वाटलं.

नळी परत बसवलेली नाही. ज्वारीच्या कणगीमागं ठेवली आहे. तू ओरडशील, ओरड. गावातले लोक वळून बघतात, बघेनात का. मला विचारशील तर अजूनही आवाज पूर्वीइतका नाही, थोडा कमीच आहे. आणखी काही काढण्यासारखं असेल तर कळवावं.

लोभ वाढवावा, उपदेश कमी करावा.

तुझा,
नाथाजी

॥ श्री ॥

विटा
४ जानेवारी १९७६

तीर्थरूप बंधू आण्णांच्या सेवेशी,
विजयमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही पाठवलेल्या कृतीनं ह्यांनी गाडीची नळी काढली. तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी खरं कळवलंच नाही. आण्णा, गाडीला काही झालेलं नाही. ह्यांचे कान गेले आहेत.

मी हळू बोलत नाही. मी ओरडते. मी जेवायला हाक मारली की शेजारची बनुबाई पलीकडून ओ देते, आणि हे अंगणात पाठमोरे बसलेले असतात. लढाईवरून आले तेव्हापासून डावा कान अधू होता, ते मला कळत होतं. ह्या वर्षात उजवाही गेला. मी विषय काढला की उठून जातात. आता गाडी अशी वाजते की वासरानं दावं तोडलं आणि शाळेचे मास्तर घरी येऊन गेले. हे म्हणतात, आवाज अजून बारीकच आहे.

मी आवाजासाठी लिहीत नाही. परवा कराड रस्त्यावर ह्यांच्यामागं उसाचा ट्रक होता. चालवणारा ज्ञानू इथलाच, आमच्या गावचा. संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी, हारन दाबून दाबून हात दुखला, पर मालक मधनं हलंनात. शेवटी टरक चरात घातला. पुढल्या वेळी चर नसंल तर काय करू?" मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन रडले.

ह्यांना गाडी बंद करायला सांगा. कुणाचं ऐकलं तर तुमचंच ऐकतील. मला दुसरं काही नको, माणूस संध्याकाळी घरी यायला हवा. वहिनींना नमस्कार. माया आहे ती अशीच राहो.

तुमची,
विजू

॥ श्री ॥

रहिमतपूर
११ जानेवारी १९७६

प्रिय नाथा यास,
लालासाहेबाचा स. न. वि. वि.

सोबतच्या पुडीत संक्रांतीचा तिळगूळ आहे. आधी तो खा, कारण पुढं लिहिलंय ते गोड नाही.

तुझे कान गेले आहेत, असं विजूनं कळवलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव. पासष्टच्या लढाईत तुझ्या बाजूला गोळा फुटला आणि तू पंधरा दिवस आमच्या तोंडाकडे बघून बोलत होतास. मेडिकलला डॉक्टर मागं उभा राहून घंटी वाजवायचा. रांगेत तुझ्या मागं मी होतो. घंटी वाजली की मी तुझ्या पाठीत बोट दाबायचो आणि तू हात वर करायचास. तू पास झालास. त्या दिवशी आपण दोघं केवढे हसलो होतो. तेव्हा मी बोट दाबलं नसतं तर तुला घरी पाठवलं असतं, पण कानाला औषध तरी मिळालं असतं. हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललो नाही. रोज आठवतं असंही नाही, पण आठवलं की जेवण जात नाही.

आता मी तुला पुन्हा पास करणार नाही. मिरजेला जाऊन कान दाखव. गाडी चालवणं बंद कर. मी आठ फेब्रुवारीला येतो आणि ती रहिमतपूरला घेऊन जातो. माझ्याकडे ती नीट राहील. तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं आहे. पण विजूला मी तुझ्या घरी दिली ती अशी वाट बघत बसायला नाही.

लोभ ठेवणं न ठेवणं ह्या खेपेला तुझ्यावर सोडतो.

तुझा,
लालासाहेब

॥ श्री ॥

विटा
२० जानेवारी १९७६

लालासाहेब यास,
नाथाजीचा नमस्कार.

मला ठाऊक होतं. बहिऱ्याला बहिरेपण दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. आधी चिमण्या गेल्या, मग देवळातली घंटा, मग तुझी बहीण. मी म्हणत राहिलो की तीच हळू बोलते. आमच्या थोरल्या चुलत्यांचं मी पाहिलं आहे. कान गेल्यावर लोक त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दलच बोलायचे, आणि ते हसून मान हलवायचे. मला तसं मान हलवत बसायचं नाही.

नळी काढली तेव्हा निदान एक गोष्ट ऐकू यायला लागली. एवढ्या जगातली एकच. तीही तुला न्यायची असेल तर ने.

बोटाचं मनाला लावून घेऊ नकोस. मला तेव्हा घरी जायचं नव्हतं.

नाथाजी

॥ श्री ॥

विटा
५ फेब्रुवारी १९७६

प्रिय लालासाहेब यास,
नाथाजीचा स. न. वि. वि.

आठ तारखेला गाडी न्यायला येऊ नकोस. नुसता यायचं असेल तर ये, आवडेल. मागचं पत्र रागानं लिहिलं होतं. ते चुलीत घाल.

मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरनं तपासून कागदावर लिहून दिलं की डाव्या कानाची नस कामातून गेली आहे, उजव्यात थोडं उरलं आहे. खिशात ठेवायचं मशीन घेतलं तर घरातलं बोलणं जरा कळेल, रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. कागद घडी करून मी तुझ्या बहिणीच्या हातात दिला. एसटीत दोघंही काही बोललो नाही. माझ्यासाठी तसाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसून ठेवावी म्हणून अंगणात काढली. तुला द्यायची तर स्वच्छ द्यावी. तेवढ्यात ही बाहेर आली, पदर खोचलेला, तुझं अकरा तारखेचं पत्र हातात. ते तिनं कधी वाचलं मला माहीत नाही. लाला, ही बाई आजवर ह्या गाडीवर बसलेली नाही. आमची आई होती तेव्हा तिची लाज, आई गेल्यावर गावाची लाज. मी गाडीवर आणि ही एसटीनं, असेच आम्ही रहिमतपूरला येत आलो. ती माझ्यासमोर आली, म्हणजे मला तिचं तोंड दिसेल अशी, आणि म्हणाली, "मी ऐकते, तुमी चालवा." मग सगळ्या गल्लीदेखत मागं बसली. बनुबाई दारात आली होती, ती तशीच उभी राहिली.

मागून वाहन आलं की तिनं माझा डावा खांदा दाबायचा, पुढं वळणावर काही ऐकू आलं की उजवा, थांबायचं तर दोन्ही, असं आमचं ठरलं. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेलो. परत आल्यावर तिनं पाटीवर लिहून दाखवलं की ह्या फटफटाटात तिलाच हॉर्न ऐकू येत नाही.

मी तासभर पायरीवर बसलो. मग कणगीमागची नळी काढली, घासली आणि बसवली. बोल्ट आवळताना हात चालेना, खोटं कशाला सांगू. किक मारली, काही ऐकू आलं नाही. टाकीवर तळवा ठेवला तेव्हा धडधड लागली, म्हणजे चालू होती. गियर आता गुडघ्यानं ओळखतो, आठवड्यात जमलं. गाडी आता आम्हा दोघांपैकी तिलाच ऐकू येते. वाईट वाटतं. तरी बुधवारी ज्ञानूचा ट्रक मागं आला, डावा खांदा दाबला गेला, आणि मी कडेला झालो. जाताना ज्ञानूनं हात केला.

एकच गोष्ट कळेना. मागं बसून ही सारखी काहीतरी बोलत असते. मानेवर तिचा श्वास लागतो त्यावरून कळतं. काय बोलतेस म्हणून विचारलं तर हसते आणि घरात जाते.

ये. लोभ असू दे, आणि आलास की माझ्या समोर बसून बोल.

तुझा,
नाथाजी

ता. क. आण्णा, पाकीट मी बंद करते आहे, म्हणून खाली दोन ओळी. गाडीवर मी काय बोलते ते ह्यांना सांगू नका. पासष्ट साली दोन महिने पत्र नव्हतं, तेव्हा देवापुढं बसून जे जे बोलायची ते सगळं ह्यांना सांगायचं राहून गेलं होतं. तोंडावर बोलायला लाज वाटते. आता ऐकू येत नाही, तर रोज थोडं थोडं सांगून टाकते.
— विजू