आधी पंखा बंद कर

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे; पेन कॉटखाली गेलं होतं.) तुझी कंबर कशी आहे? कारखान्यात शिलाईच्या मशीनवर दिवसभर बसू नकोस म्हणावं, तर तुझी नोकरीच ती. आईची तब्येत उत्तम, निदान मला बोलण्याइतकी तरी. माझं कॉलेज सुटलं ते सुटलंच, तो विषय नको.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. (ते कशानंही फिरतं, असं आई म्हणते.) तुझी लेक चिमणी फोनवर नुसतं ‘हं’ म्हणून पळते, आईला विसरली, आता फोन करून पोरीला छळणार नाही, असं तू लिहितेस? थांब, आधी माझी हकिगत ऐक, मग भांड.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून घरात नवा कायदा लागू आहे. चिमणीचे कान ठणठणीत आहेत, पण आवाजांच्या गर्दीतून बोलणं वेगळं काढताना तिचा गोंधळ उडतो. म्हणून आधी पंखा बंद, मिक्सर बंद, मग तिच्यासमोर बसायचं, एकच वाक्य बोलायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं हा माझा प्रांत नव्हे. सुरुवातीला मी तेच वाक्य दुप्पट आवाजात फेकायचो आणि ती कानांवर हात ठेवून टेबलाखाली जायची. आता मी इतकं हळू बोलतो की आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तर वर्गाच्या बाईंनी तिला ‘लक्ष देत नाही’ म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. मी तडक शाळेत! वाटेत एकाहून एक जहाल वाक्यं जुळवली. पण खोलीत शिरलो आणि सवयीनं हात आधी पंख्याच्या बटणावर गेला. खुर्ची ओढून बाईंसमोर बसलो, म्हटलं, “ती दुर्लक्ष करत नाही.” आणि गप्प. बाई घामाघूम. ओरडलो असतो तर त्यांनी शिपायाला हाक मारली असती. गप्प बसलेल्या माणसाचं काय करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, “मग मी काय करू?” आता चिमणी पहिल्या बाकावर बसते आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीत.

या विजयानं चेकाळून मी औषधाच्या दुकानातल्या मुलीवरही तोच प्रयोग केला. (कोण मुलगी ते विचारू नकोस. काहीही दुखत नसताना मी तिथून इतकी औषधं आणली आहेत की आईला काळजी वाटते.) पंखा बंद केला, म्हटलं, “मला तुम्ही आवडता.” तिनं नुसतं वर पाहिलं. घरी येऊन हे चिमणीला सांगितलं, तर बराच विचार करून तिनं विचारलं, “मग तू थांबलास?”

“थांबतोय कुठला, पळालो.”

“मीपण पळते,” ती म्हणाली. “फोनमध्ये आई मशीनांच्या मागे असते.”

ताई, या वेळी मी गप्प बसलो ते कायद्यामुळे नव्हे.

तुझा तापट, पण सध्या कमी आवाजाचा,
भाऊ

ता.क. रविवारी तुमची मशीनं बंद असतात ना? तेव्हा एखाद्या रिकाम्या खोलीतून फोन कर. एक वाक्य बोल आणि थांब. कितीही वेळ लागला तरी मध्येच “ऐकतेस ना?” म्हणू नकोस. तिला तुला काहीतरी सांगायचंय. मला सांगत नाही. आम्ही पंखा बंद करून बसलेले असू.

ता.ता.क. फोन सकाळीच कर. संध्याकाळी मला औषधाच्या दुकानात जायचंय. चिमणी सोबत येणार आहे, मी पळू नये म्हणून.