सदऱ्याच्या बदल्यात कपाट

७ एप्रिल २०२५

आजपासून नांदुरा. पहाटेच उंद्रीहून निघाले, खामगावला गाडी बदलली आणि शाळा सुटायच्या आत हजेरीबुकात सहीसुद्धा झाली. आमचे हे ज्या संस्थेच्या शाळेत शिपाई होते, तिच्याच इथल्या शाळेत मला त्यांच्या जागी घेतलं आहे. दोन वर्षं खेटे घातले, पण घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, कागदावर तर चौथी पास आहे, मग अर्ज कोणाकडून लिहून घेतला? मी म्हटलं, मीच लिहिला, पाचवीपासून पुढचं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले. ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

खोली रुळांच्या अलीकडे, मंजुळाबाईंच्या घरामागे. एक खोली, मोरी, पुढे दोन पायऱ्या आणि कडुनिंब. मंजुळाबाईंनी आल्याआल्या चहा दिला, संध्याकाळी भाकरी-झुणका दिला. गाड्यांचा आवाज फार होतो का विचारलं तर म्हणाल्या, पंधरा दिवसांत ऐकू येनंच बंद होते, माय. बाई मोकळ्या वाटल्या.

माझं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि पुस्तकांची दोन पोती. बाकी हळूहळू घेईन आणि जुनंच घेईन. नव्या सामानाचा भाव दुकानदार सांगतो, जुन्याचा आपण सांगतो.

११ एप्रिल

कूलर घेतला! स्टेशनजवळ शेखर नावाच्या माणसाचं भंगारचं दुकान आहे, तिथून. त्यानं दोन हजार सांगितले. मी वाळ्याची ताटी उचकून पाहिली, पत्र्यावर नख ओढलं, पंप कण्हतो म्हटलं. तो म्हणाला, मावशी, पंपाचं गाणं काऊन ऐकता, हवा पाहा न. मी पिशवी उचलून चालू लागले. बारा पावलं मोजली. तेराव्याला हाक आली. नऊशेत दिला, वर रबरी नळी.

पाठ फिरवून चालावं आणि मागून हाक यावी, यासारखी मजा नाही. हे अशा वेळी लाजून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि घरी आल्यावर पोट धरून हसायचे. स्वतः मात्र रद्दीवाल्याकडून किलोनं पुस्तकं आणायचे, तिथे एक पैसा कमी करा म्हणाले नाहीत. वाचता येत होतं, तरी मलाच वाचायला लावायचे. डोळ्यांपेक्षा कान बरे, म्हणत. मी वाचायची आणि पान संपलं की ते "हं" करायचे.

ते गेल्यापासूनही रोज दुपारी चार वाजता मी एक पान मोठ्यानं वाचते. "हं" ऐकू येत नाही. पण ऐकणारं माणूस असलेली खोली आणि रिकामी खोली यांत फरक असतो, तो कळतो. सुचितालाही सांगितलेलं नाही. लेकीनं उगाच काळजी करू नये.

१६ एप्रिल

पोत्यातल्या पुस्तकांना कसर लागायला लागली. मंजुळाबाईंना म्हटलं, एखादं जुनं कपाट बघायला हवं. त्या म्हणाल्या, गल्लीच्या टोकाला शकुंतलाबाई आहे, नवरा गेल्यापासून सामान काढून राह्यली, जाऊन पाहा. मी विचारलं, तुम्ही नाही काही घेतलं? म्हणाल्या, आमच्याकडे जागा कुठं.

गेले. कपाट बघताच मन बसलं. सागवानी, छातीएवढं, काचेची दोन दारं, पितळी कडी. माझी सगळी पुस्तकं मावतील. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, उलट दार करकरतं म्हणाले.

शकुंतलाबाई साठीच्या पुढच्या, काटकुळ्या. डावं मनगट वाकडं बसलेलं. भाव सांगायच्या आधी चौकशा फार. तुमचा माणूस कधी गेला? दोन वर्षं झाली. कायनं? छातीत दुखून. स्वभावानं कसा होता? मारत होता का? मला राग आला. म्हटलं, तीस वर्षांत आवाज चढवला नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग म्हणाल्या, पैसे नको. गोधडी शिवायची हाय, त्यायचे दोन जुने कपडे द्या अन् कपाट न्या. भांडेवाल्या जुन्या कपड्यांवर भांडी देतात, तसाच हा व्यवहार. मी एकावर आले. त्या दोनच्या खाली येईनात. मी चालू लागले. फाटकाशी हाक आली, बरं, एकच द्या, पण रोज अंगात राहत होता तो द्या, घडी घालून ठेवलेला नको.

घरी येऊन ट्रंक उघडली. त्यांची टोपी आणि खाकी सदरा, एवढंच ठेवलं आहे. वाटलं, सदऱ्यालाही कसर लागेल आज ना उद्या, आणि पुस्तकांसाठी दिला म्हटल्यावर ते रागावणार नाहीत. घे म्हणतील.

देताना शकुंतलाबाईंनी दोन्ही हातांनी सदरा धरला आणि मला म्हणायला लावलं, राजीखुशीनं दिला, राजीखुशीनं घेतलं. मी हसून म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

१७ एप्रिल

कपाट आलं. हातगाडीवाल्यानं कडेला लावून दिलं. पुस्तकं रचली, काचा पुसल्या. खोलीला घरपण आलं. अख्ख्या कपाटाला एक सदरा! सुचिताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आई, तू तं बाजार विकून खाशील.

चार वाजता वाचलं. पान संपल्यावर वर पाहिलं. कोणी नव्हतं.

हे कसं लिहावं कळत नाही. आजवर कधीच कोणी नसायचं. आज मात्र कोणी नव्हतं.

२१ एप्रिल

चार दिवस झाले. रोज वाचते. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. त्यांची टोपी मांडीवर घेऊन पाहिली. नुसती टोपी आहे.

सदरा द्यायला नको होता. एवढी वर्षं घासाघीस केली, पण घरी आणलेल्या वस्तूचा असा पस्तावा कधी झाला नव्हता.

२४ एप्रिल

शाळेतून आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं, पण पुस्तकं सगळी मोरीत. ओली. कपाटाची दारं बंद, कडी लावलेली. मंजुळाबाईंना विचारलं, त्यांनी कोणी आलं नाही असं सांगितलं आणि सोलत असलेल्या लसणावरून नजर वर केली नाही.

खोलीत तपकिरीचा वास. आमच्यात कोणी तपकीर ओढत नव्हतं.

पुस्तकं कडुनिंबाखाली वाळत घातली. वाळली की पुन्हा लावीन.

२८ एप्रिल

चार वाजता वाचायला बसले. तिसऱ्या ओळीवर कानफटात बसली. उजव्या बाजूनं. पुस्तक उडून भिंतीशी गेलं. आरशात पाहिलं, चार बोटं उठली आहेत. मोठा पंजा.

ते तसे नव्हते. हे ते नाहीत.

३० एप्रिल

गालावरचं पाहून मंजुळाबाई रडायला लागल्या आणि बोलल्या. शकुंतलाबाईंचा नवरा वैजनाथ. चाळीस वर्षं मारत होता. मनगट त्यानंच मोडलं. गेल्या दिवाळीत मेला, गल्लीनं सुटल्याचा श्वास घेतला, आणि तेराव्यानंतर आठवड्याभरात त्या घरातून पुन्हा तेच आवाज. तिनं त्याची खाट जाळली, कपाट भंगारात दिलं, परत आणलं, नदीवर जाऊन काय काय केलं. तो हलला नाही. मग कोणीतरी सांगितलं की माणूस द्यायचा असेल तर बदल्यात माणूस घ्यावा लागतो, आणि नेणारीनं आपल्या तोंडानं मागायला पाहिजे.

मी मागितलं. वर घासाघीस करून.

मला आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाल्या, रोजचं ऐकून ऐकून आमी बी थकलो होतो वो. तो आमच्याच मागच्या खोलीत येईन हे ध्यानातच नाई आलं.

पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, घरात लहान लेकरं हायेत, येत्या महिन्यात दुसरी जागा पाहा.

२ मे

शकुंतलाबाईंकडे गेले. ओळखू येईनात. गाल भरलेत, केस विंचरलेले. आत दोन कप चहा ओतलेला. दारातूनच म्हणाल्या, बसा म्हणत नाई.

आतून खोकला आला. कोरडा, दोनदा, मग घसा साफ करणं. तीस वर्षं ऐकलेला खोकला. चौकटीला धरून उभी राहिले.

मी सदरा मागितला. पैसे देते म्हटलं, कूलर देते, काय पाहिजे ते मागा. आयुष्यात पहिल्यांदा भाव केला नाही.

त्या म्हणाल्या, गरीब हाय वो तुमचा माणूस. चहा बी मागत नाई. मी चाळीस वर्षांनी झोपून राह्यली बाई, पाठ टेकून. तुमच्यापाशी तीस वर्षं होता न? आता माह्यापाशी राहू द्या.

मी म्हटलं, तुम्ही फसवलं. त्या म्हणाल्या, मी तं दोन मागत होती. एकावर कोणी आणलं? मग दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. पलीकडे पुन्हा खोकला.

त्यांना माहीत आहे का मी दाराशी होते?

५ मे

कपाट हातगाडीवर घालून तिच्या अंगणात टाकून आले. परत येऊन खोलीचं दार उघडलं. तपकिरीचा वास तसाच. तो कपाटात नव्हता. तो घरात आहे.

आज पाठीवर. किती ते मोजलं नाही.

७ मे

सुचिता फोनवर म्हणते, नोकरी गेली खड्ड्यात, इकडे ये. खरं आहे. तो शाळेत येत नाही, रस्त्यावर येत नाही. मी गेले तर सुटेन.

पण ते तिथे राहतील. दुसऱ्या बाईच्या घरात, चहा न मागता. त्यांना सोडून नाही जायचं.

८ मे

ती सदरा रोज धुते. दुपारी मागच्या दोरीवर वाळत घालते. गोधडी वगैरे काही नाही.

दुपारी एक ते तीन गल्लीत कुत्रं फिरत नाही, एवढं ऊन. ती जेवून झोपते. पाठ टेकून.

९ मे

उजवा हात सुजला. लिहिलेलं त्याला खपत नाही. आता वही पिशवीत घालून शाळेत नेते, तिथेच लिहिते.

तीन वाजता खामगावची गाडी आहे. उद्या.

१० मे

दीड वाजता. आणला. कुंपणाच्या तारेत पदर अडकला, फाटला, पण आणला. पदराखाली घेऊन रस्त्यानं येताना छातीशी ऊबदार. उन्हाचा असेल. पण मी चालता चालता म्हटलं, चला, आपण उंद्रीला जाऊ, आणि स्पष्ट ऐकू आलं — हं.

दोन वर्षांनी.

दोन वाजले. पायरीवर बसून लिहिते आहे. कोणाला सांगू? मंजुळाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

चूक झाली. ट्रंक भरायची म्हणून आत गेले आणि सदरा खुंटीला अडकवला. सवयीनं. ते शाळेतून आले की मी अडकवायची तसा. मग मंजुळाबाईंना किल्ली परत द्यायची आहे ते सांगायला दोन मिनिटं बाहेर — पिशवी खांद्याला होती म्हणून वही आहे — आणि मागे दार लागलं. वारा नव्हता.

चोरून आणला म्हणून असेल. राजीखुशीनं नाही, म्हणून सौदा मोडला नाही. तो आत आहेच. आणि आता हेही —

आतून आवाज येतो आहे. ओला कपडा दगडावर आपटावा तसा. एक. मग थांबून एक.

ते ओरडत नाहीत. कधीच ओरडले नाहीत. फक्त खोकला.

आता पत्रा वाजला. कूलर पडला.

मी हाका मारल्या. सोडा म्हटलं, मला मारा म्हटलं. आवाज थांबला. दाराच्या फटीशी आतून कोणीतरी येऊन टेकलं. श्वास लागलेला. ह्यांचा. हळू म्हणाले, जनका, तू जा. गाडी चुकेल.

नंतर त्यांना मागे ओढलं.

अडीच. रुळांवर मालगाडी. त्यात काही ऐकू येत नाही.

गाडी गेली. आता तर काहीच ऐकू —

नाही. आहे. चालू आहे.

स्टँड दहा मिनिटांवर आहे. पळाले तर गाडी मिळेल. ते जा म्हणाले आहेत. त्यांचं मी नेहमी ऐकलं.

कडी बाहेरून लागलेली नाही. लोटलं तर उघडेल. खुंटी दारापासून चार पावलांवर, डाव्या हाताला. सदरा ओढायचा आणि —

खोकला थांबला.

वही पायरीवर ठेवते. सुचिता, तू येऊ नकोस, आणि इथलं काही उचलू न