चेपलेलं ताट

घाटनांदूर, मंगळवार, दिवेलागण

माझ्या महादूनं आज ताट भिंतीवर फेकलं. "माझं वजन हटंना, आन् तू चोरून तेल घालतीस!" म्हणत माझ्या पोटुशा सुनेच्या, सविताच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला पोरीचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गरोदरपणी आई उपाशी राहिली तर लेकराच्या पेशींत खूण राहू शकते. मोठेपणी त्याचं वजन हटत न्हाई, मन तापट होतं. महादू पोटात असताना मी अर्ध्या भाकरीवर ऊस तोडला. तीच भूक याच्यात असंल? असंल. पण हात उगारायला भुकेनं शिकवलं का?

आणि आता सविताच्या पोटातलं काय खातंय? भीतीच की.

महादू तणतणत अंगणात गेला, तशी मी आतून कडी घातली, चेपलेल्या ताटातच सविताला वरणभात वाढला.

"माय, दार उघड!" बडवतोय. पोटचा गोळा हाय, तरी बडवू दे. आत लेकरू जेवतंय.