एकतीस नंबरचा डबा

बोर्ली पंचतन,
शुक्रवार

प्रिय शिवानी,

माणगावला कापडाच्या दुकानात लागलीस, हे तुझी आई काल बाजारात सांगत होती. मला नव्हे, कोळणीला. माझे कान तुला माहीतच आहेत. तुझा विषय निघाला की बायका म्हणतात, "परीक्षेत घाबरली पोर, दुसरं काय न्हाय." परवा तुझा बाप अंबाजीदादाही तेच म्हणाला, आणि मी नुसती मान हलवली.

काका पंख्याच्या आवाजावरून मशीनचा ताप सांगतो, म्हणून तुम्ही पोरं हसायचात. रेडिओ दुरुस्त करत मोठा झालेला माणूस मी, दुसरं काय येणार? पण माझी कॉम्प्युटर लॅब त्या कानांवरच चालली, बाई. तुमच्यासमोर पडद्याला जोडलेले असायचे ते नुसते डबे; सगळं काम मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर. तो जेमतेम वीस जणांचा, मी बसवले बत्तीस. म्हणून तुम्हाला पाच-पाच करून सुरू करायला लावायचो. पंखा शांत झाला की पुढचे पाच. तुम्हाला वाटायचं, काका शिस्तीचा. शेवटच्या रांगेचे आठ डबे तर एकाच जुन्या वायरीवर होते.

भरती परीक्षेच्या केंद्रासाठी अर्ज केला तेव्हा बत्तीस जागा मीच लिहिल्या. आपल्या पोरांना परीक्षेसाठी अलिबाग गाठावं लागणार नाही, असं सांगत गावभर फिरलो. तेही खरंच होतं. पण परीक्षेत पाच-पाच चालत नाही. साडेअकराला आकृत्यांचे प्रश्न सगळ्यांपुढे एकदम उघडले आणि मागचा पंखा असा ओरडला की मला दारातच कळलं. पडदे गोठले. पुढच्यांचे सुटले, तुमच्या शेवटच्या रांगेचे नाहीत. बाकीचे गप्प बसून राहिले, तू हात वर केलास.

"काका, बंद करून चालू करू?"

मी म्हटलं, "कर."

एरवी डबा बंद केला तरी लिहिलेलं सर्व्हरवर शाबूत राहतं, हे मीच शिकवलेलं. त्या दिवशी सर्व्हरच कोलमडत होता. तुझी चाळीस उत्तरं गेली. गप्प बसलेल्यांची पाच मिनिटांत परत आली.

पर्यवेक्षकाने लिहिलं, एकतीस नंबरच्या परीक्षार्थीने स्वतःहून यंत्र बंद केले. खाली केंद्रचालक म्हणून सही माझी. तू समोरच उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस.

दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरलाही तू हात लावत नाहीस म्हणे. मालकाला सांगतेस, माझ्याने बिघडेल. हे काल ऐकलं आणि लॅबचं कुलूप काढवेना. तक्रार अर्जाची मुदत बुधवारी संपते, त्यासाठी हे पत्र. याची एक प्रत मी आजच परीक्षा कार्यालयाला पाठवली आहे. परीक्षा परत घेतील असं मला वाटत नाही. खोटी आशा दाखवत नाही. केंद्र मात्र नक्की जाईल. तरी अर्ज कर, आणि हे पत्र त्याला जोड. जोडण्याआधी एकदा अंबाजीदादाला वाचून दाखव.

तुझाच, तोंड दाखवायला न आलेला,
विनेशकाका